सात वर्षांची मुदत : मायकेल ॲप्टेड यांच्या ‘अप’ मालिकेतील पाच भागांची प्रस्तावना

दूरचित्रवाणीसाठी निर्माण झालेल्या कृतींना ग्रंथांसारखे दीर्घायुष्य क्वचितच लाभते. रात्रीच्या भोजनसमयी ज्या कार्यक्रमाने लक्षावधी कुटुंबांचे चित्त वेधून घ्यावे त्याचे नावसुद्धा पंधरवड्याने कोणाच्या ध्यानी राहू नये, हा या माध्यमाचा सर्वसाधारण रिवाज आहे. आणि अनुबोधपटांची स्थिती तर त्याहून बिकट, कारण ज्या प्रश्नाच्या विवेचनासाठी ते तयार होतात तो प्रश्न शिळा झाला की त्यांचीही रवानगी दप्तरखान्यात होते. अशा या माध्यमात एका दिग्दर्शकाने ऐन तेविशीत हाती घेतलेला विषय वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत सोडला नाही, त्याच त्या माणसांच्या दारी दर सात वर्षांनी जाऊन त्यांच्या आयुष्याची कैफियत नव्याने लिहून घेतली, आणि प्रत्येक वेळी नवी जबानी जुन्या जबानीशी सर्वांच्या देखत ताडून पाहिली, हा प्रकार इतका अपूर्व आहे की चित्रपटांच्या इतिहासात त्याला तोडीचा दुसरा दाखला सहजी सापडत नाही.

त्या दिग्दर्शकाचे नाव मायकेल ॲप्टेड, आणि ती मालिका ‘अप’ या आटोपशीर नावाने जगभर ओळखली जाते. १९६४ ते २०१९ या पंचावन्न वर्षांत तिचे नऊ भाग प्रसारित झाले. पहिला भाग ॲप्टेड यांनी दिग्दर्शित केलेला नव्हता; त्यानंतरचे आठही त्यांचे. त्या आठांपैकी ‘२१ अप’, ‘२८ अप’, ‘४२ अप’, ‘४९ अप’ आणि ‘६३ अप’ या पाच भागांचा परिचय पुढील पानांत करून दिला आहे. ही निवड करताना चित्रीकरणाचे सौंदर्य किंवा प्रेक्षकांची पसंती यांपैकी कोणतीही कसोटी प्रमुख मानलेली नाही. माणसांविषयी बांधलेला सिद्धांत आणि त्या माणसांनी प्रत्यक्ष जगलेले आयुष्य यांची गाठ ज्या ज्या भागात उघडपणे पडली, आणि ती पडल्यावर दिग्दर्शकाने आपला सिद्धांत वाचविण्यासाठी पुराव्याची काटछाट केली नाही, ते ते भाग येथे श्रेष्ठ मानले आहेत.

हा सिद्धांत कोणता होता, हे समजण्यासाठी आरंभाचा वृत्तांत सांगितला पाहिजे. मँचेस्टर येथील ग्रॅनडा दूरचित्रवाणी कंपनीचा ‘वर्ल्ड इन ॲक्शन’ नावाचा, चालू घडामोडींची निर्भीड तहकीकात करणारा कार्यक्रम होता. त्याचे संपादक टिम हेवट हे जन्माने ऑस्ट्रेलियन. आणि इंग्लंडमधील वर्गव्यवस्था, जी तिथल्या माणसाला हवेइतकी सवयीची झालेली असते, ती या बाहेरून आलेल्या गृहस्थाच्या डोळ्यांत सारखी खुपत असे. सात वर्षांचे मूल आमच्या हवाली करा, पुढचा मनुष्य आम्ही तुम्हांला दाखवू, अशा आशयाचे जे वचन जेझुइट पंथीयांच्या नावावर सांगितले जाते, तेच या कार्यक्रमाने सूत्र म्हणून पुढे ठेवले. इ. स. २००० साली कामगारांचे पुढारी कोण असतील आणि कंपन्यांचे अधिकारी कोण असतील हे आज सात वर्षांच्या मुलांकडे पाहूनच सांगता येईल, असा त्याचा दावा होता. दिग्दर्शन पॉल आमंड या कॅनडियन गृहस्थांकडे होते. मुले शोधून आणण्याचे काम, गॉर्डन मॅकडूगल यांच्या जोडीने, केंब्रिजहून इतिहास व कायदा शिकून नुकत्याच बाहेर पडलेल्या ॲप्टेड यांच्याकडे आले.

मुले मुद्दामच समाजाच्या दोन टोकांवरून उचलली होती. केन्झिंग्टनमधील महागड्या शाळेतील तीन मुले आपण कोणती वर्तमानपत्रे वाचतो हे गंभीर मुद्रेने सांगत, त्यांतील एक तर अर्थविषयक दैनिकाचे नाव घेई, आणि पुढे कोणत्या शाळेतून कोणत्या विद्यापीठात जायचे याचा संपूर्ण आराखडा त्यांना त्या वयात तोंडपाठ होता. उलट धर्मादाय बालकाश्रमात वाढणाऱ्या पॉल नावाच्या मुलाला विद्यापीठाविषयी विचारले, तेव्हा विद्यापीठ म्हणजे काय, असा प्रतिप्रश्न त्याने केला. लंडनच्या पूर्व भागातील श्रमिक वस्तीतल्या तीन मैत्रिणी, घोडेस्वार होण्याचे स्वप्न पाहणारा त्याच भागातला चपळ टोनी, यॉर्कशरच्या डोंगरातील शेतकऱ्याचा मुलगा निक, लिव्हरपूलच्या उपनगरातील नील आणि पीटर, श्रीमंत घरची सूझी, आणि दूर आफ्रिकेत असलेल्या वडिलांची भेट हीच आपली सर्वांत मोठी इच्छा म्हणून सांगणारा निवासी शाळेतला ब्रूस, अशी ही मंडळी. जन्मावरून मनुष्याचे भवितव्य ठरते काय, हा प्रश्न महाराष्ट्रीय वाचकाला मुळीच परका नाही. जोतीराव फुल्यांपासून बाबासाहेब आंबेडकरांपर्यंत आपल्याकडील सामाजिक विचाराचा फार मोठा हिस्सा याच प्रश्नाशी झुंजण्यात खर्ची पडलेला आहे. इंग्लंडातील वर्ग म्हणजे आपल्याकडील जात नव्हे, हे खरे. तथापि सात वर्षांच्या मुलाच्या बोलण्याच्या ढबीतून त्याची पायरी ओळखली जाते, हा अनुभव दोन्हींकडे सारखाच आहे.

पहिला भाग एकटाच राहणार होता. पुढे ग्रॅनडाचे डेनिस फोरमन यांनी त्या मुलांचे काय झाले ते पाहावे, अशी सूचना ॲप्टेड यांना केली, आणि १९७० साली ‘सेव्हन प्लस सेव्हन’ तयार झाला. चौदाव्या वर्षीची ती मुले माना खाली घालून, जेवढ्यास तेवढे बोलत होती. सूझी बोलत असताना तिच्या पाठीमागे कुत्रा ससा मारतो आणि ती जवळजवळ निर्विकार राहते, हा त्या भागातला प्रसंग पाहणाऱ्याच्या मनातून जात नाही. परंतु त्या भागाचे खरे महत्त्व वेगळेच आहे. सात वर्षांची मुदत तेथे मुक्रर झाली, आणि जुन्या भागातील दृश्ये नव्या भागात गुंफण्याची पद्धतही तेथेच सुरू झाली. चरित्रकाराला नायकाचा शेवट ठाऊक असतो, म्हणून बालपणातील कोणती गोष्ट सूचक ठरली हे तो खुशाल ठरवू शकतो. ॲप्टेड यांना ती सवलत नव्हती. चौदाव्या वर्षी काय विचारायचे आणि कशाचे चित्रीकरण करायचे हे त्यांना एकविसाव्या वर्षाविषयी पूर्ण अज्ञानात असताना ठरवावे लागे, आणि चुकीचा अंदाज चित्रफितीवर कायमचा नोंदला जाई.

अशा चुकीच्या अंदाजाचा सर्वांत ठळक नमुना ‘२१ अप’ या १९७७ सालच्या भागात आहे, आणि म्हणून निवडीचा आरंभ तेथून केला आहे. टोनीचा घोडेस्वारीचा प्रयत्न तोवर संपला होता. लेस्टर पिगट यांच्यासारख्या नामांकित स्वारासमवेत एका शर्यतीत धावल्याचा अभिमान तेवढा उरला होता, आणि लंडनमधील टॅक्सीचालकाच्या परवान्यासाठी शहरातील असंख्य रस्ते मुखोद्गत करण्याच्या कठीण परीक्षेची तयारी चालू होती. या तरुणाचा शेवट तुरुंगात होणार, अशी ॲप्टेड यांची त्या वेळी खात्री झालेली होती. म्हणून त्यांनी त्याच्याकडूनच गाडी चालवून घेऊन पूर्व लंडनमधील गुन्हेगारीसाठी कुप्रसिद्ध अशी ठिकाणे चित्रित करून ठेवली, हेतू हा की पुढील भागात ती दृश्ये उपयोगी पडावीत. टोनी तुरुंगात गेला नाही. त्याने परवाना मिळविला, संसार केला, मुले वाढविली आणि कालांतराने पूर्व लंडन सोडून तो एसेक्समध्ये स्थायिक झाला. वर्गभेदाचा निषेध करण्यासाठी निघालेल्या दिग्दर्शकाच्या मनातही श्रमिक तरुणाविषयी वर्गाने शिकविलेलाच संशय दडलेला होता, ही गोष्ट ॲप्टेड यांनी पुढे स्वतः मुलाखतींतून सांगितली. अनुबोधपटाच्या कलेविषयीचा याहून मोलाचा पाठ त्या मालिकेत दुसरा नसेल.

१९८४ सालचा ‘२८ अप’ हा बहुतेक जाणकारांच्या मते मालिकेचा कळस होय. लांबी दोन तासांहून अधिक. इंग्लंडबाहेर तो चित्रपटगृहांतूनही दाखविला गेला, आणि अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्ट यांनी या मालिकेची गणना आजवरच्या सर्वोत्कृष्ट दहा चित्रपटांत केली. एकविसाव्या वर्षी एकामागून एक सिगारेट ओढत विवाहसंस्थेविषयी तुच्छतेने बोलणारी सूझी येथे पती आणि मुले यांच्या सहवासात इतकी शांत व प्रसन्न दिसते की दोन्ही भागांतील स्त्री एकच आहे, यावर विश्वास बसू नये. याच्या अगदी उलट नीलची गत. सातव्या वर्षी लिव्हरपूलच्या रस्त्यावर आनंदाने उड्या मारणारा, अंतराळवीर व्हावे आणि ते न साधल्यास सहलीच्या मोटारीचा चालक व्हावे असे म्हणणारा तो तेजस्वी मुलगा, विद्यापीठ अर्ध्यावर सोडून, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर घरदार नसलेला भटक्या म्हणून आपल्यासमोर बसतो आणि आपल्या मनःस्थितीविषयी विलक्षण नेमक्या, सुसंस्कृत भाषेत बोलतो. वर्गाचा सिद्धांत येथे निरुत्तर होतो. नीलच्या अधोगतीचे कारण त्याचा वर्ग नव्हे. सूझीच्या स्वास्थ्याचे कारण केवळ तिची संपत्ती नव्हे. सामाजिक निवेदन म्हणून निघालेली मालिका येथे माणसांच्या अंतर्यामाकडे वळली, आणि पुन्हा पूर्वीच्या मार्गावर पूर्णपणे कधीच परतली नाही.

याच भागाने मालिकेतील माणसांना किती किंमत मोजावी लागते तेही दाखवून दिले. पीटर त्या वेळी शाळेत शिक्षक होता आणि मार्गारेट थॅचर यांच्या सरकारवर त्याने मुलाखतीत टीका केली. प्रसारणानंतर काही वृत्तपत्रांनी त्याच्यावर असा हल्ला चढविला की त्याने मालिकेचा संबंधच तोडला, आणि तो थेट २०१२ सालच्या ‘५६ अप’मध्ये, आपल्या संगीतवृंदाचा परिचय व्हावा या उघड हेतूने, परतला. केन्झिंग्टनच्या त्रयीतील चार्ल्स तर एकविसाव्या वर्षानंतर पुन्हा कधीच आला नाही, आणि गंमत अशी की तो स्वतः अनुबोधपटांच्याच व्यवसायात शिरला.

‘४२ अप’ १९९८ साली आला, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की मालिकेने स्वतःच घडवून आणलेली एक घटना त्यात नोंदली गेली. ऑक्सफर्डला गणित शिकलेला ब्रूस, सुखवस्तू नोकरीचा मोह टाळून, पूर्व लंडनच्या शाळांतून आणि काही काळ बांगलादेशातील सिल्हेट येथेही अध्यापन करीत होता. नील लंडनला आला तेव्हा त्याला काही काळ आसरा दिला तो याच ब्रूसने. दोघांची ओळख या मालिकेखेरीज कोठेही होण्याचा संभव नव्हता. एक निवासी शाळेतला, दुसरा लिव्हरपूलच्या उपनगरातला. ब्रूसच्या विवाहाला नील उपस्थित आहे, आणि इतकेच नव्हे तर हॅकनी विभागाच्या स्थानिक कौन्सिलात लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा निर्वाचित सदस्य म्हणून तो रस्ते व सार्वजनिक सोयी यांविषयी तक्रारी ऐकतो आहे, हे पाहताना प्रेक्षकाला जो आनंद होतो तो कोणत्याही कल्पित कथेच्या सुखान्ताहून निराळ्या जातीचा आहे, कारण तो कोणी लिहिलेला नाही आणि पुढील सात वर्षांत टिकेलच, याची हमीही कोणी दिलेली नाही. निरीक्षकाने निरीक्षण केलेल्या वस्तूवर परिणाम करू नये, अशी शास्त्राची अपेक्षा असते. येथे ती मोडली, आणि ती मोडल्याने एका माणसाचे भले झाले.

चौथा भाग ‘४९ अप’, साल २००५. पूर्व लंडनच्या तीन मैत्रिणींपैकी जॅकी येथे दिग्दर्शकालाच प्रश्न विचारते. चित्रण कसेही झाले तरी काटछाट शेवटी तुमच्या हाती, आमचा त्यावर अधिकार नाही. तुम्हांला आम्ही जशा वाटतो तशा आजवर दिसलो, जशा आहोत तशा नव्हे, असा तिचा आक्षेप होता. हा आक्षेप वाजवी होता. एकविसाव्या वर्षी ॲप्टेड यांनी मुलांना महत्त्वाकांक्षेविषयी आणि मुलींना लग्नाविषयी विचारले होते. देशाचे राजकारण, नोकरीतील बढती, समाजाची दिशा यांविषयी या मुलींचेही काही मत असू शकेल, हे त्यांच्या फारसे ध्यानात आले नव्हते. ती फटकार संकलनाच्या मेजावरून सहज नाहीशी करता आली असती. ॲप्टेड यांनी ती तशीच ठेवली, पडद्याबाहेरचा आपला किंचित अवघडलेला आवाजही ठेवला, आणि ज्याची चौकशी व्हावयाची तोच चौकशी करणाऱ्यावर आरोप ठेवतो, हे दृश्य दूरचित्रवाणीवर प्रकट होऊ दिले. दिग्दर्शकाच्या सचोटीची परीक्षा घेणारा याहून चांगला प्रसंग शोधून सापडणार नाही.

पाचवा आणि अखेरचा भाग ‘६३ अप’. पूर्व लंडनच्या त्या तिघींपैकी लिन, जी मुलांच्या ग्रंथालयात आयुष्यभर काम करीत आली, ती २०१३ साली निवर्तली होती; तिच्याविषयी तिचे कुटुंबीय बोलतात. त्याच शाळेतली सू विद्यापीठाचे तोंड विद्यार्थिनी म्हणून न पाहताही लंडनच्या एका विद्यापीठात प्रशासनातील जबाबदारीच्या जागी पोचली होती. यॉर्कशरचा निक, जो सातव्या वर्षी चंद्राविषयी सर्व काही जाणून घेईन म्हणत होता, तो अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीचा प्राध्यापक झाला होता आणि येथे कर्करोगाने जर्जर झालेला दिसतो; २०२३ साली त्याचे निधन झाले. हा कार्यक्रम निक किंवा सूझी यांचे खरे चित्र नव्हे, कोणताही एक माणूस कसा बदलत जातो याचे ते चित्र आहे, अशा आशयाचे त्याने आधीच्या भागात केलेले विधान मालिकेवरील सर्वांत समर्पक भाष्य ठरावे. युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या निर्णयावरही या भागात मते येतात. परंतु प्रश्नांचा रोख आता मरण, पश्चात्ताप आणि समाधान यांकडे वळलेला आहे, आणि प्रश्न विचारणारा आवाज स्वतःच वृद्ध झाला आहे. ॲप्टेड ७ जानेवारी २०२१ रोजी वारले.

मालिकेचे दोष झाकून ठेवणे हा तिच्या प्रामाणिकपणाचा अवमान होईल. चौदा मुलांत मुली केवळ चार आणि मिश्रवंशीय मुलगा केवळ एक, हा आरंभीचा असमतोल नंतर कधीही दुरुस्त करता आला नाही. ॲप्टेड यांनीही त्याबद्दल खेद व्यक्त केला. समाजाची दोन टोके भरपूर आणि मधला प्रचंड मध्यमवर्ग जवळजवळ रिकामा, ही त्रुटीही तितकीच मोठी. शिवाय सुरुवातीला बसलेला शिक्का पुसणे किती दुरापास्त असते, याचे उदाहरण केन्झिंग्टनच्या जॉनचे आहे: श्रीमंतीचा नमुना म्हणून अर्धशतक ज्याकडे बोट दाखविले गेले, त्याचे वडील तो नऊ वर्षांचा असताना वारले, आईने नोकरी करून त्याला शिकविले आणि तो शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेला, ही हकीकत प्रेक्षकांना ‘५६ अप’पर्यंत नीट कळलीच नव्हती. आणि तरीही, तळाचा हिशोब मांडताना जेझुइटांचे वचन सर्वस्वी खोटे ठरले, असेही म्हणता येत नाही. केन्झिंग्टनच्या मुलांनी सातव्या वर्षी वाचून दाखविलेला आराखडा पुष्कळ अंशी खरा ठरला. वकिली, न्यायालये, प्रतिष्ठित विद्यापीठे त्यांच्या वाट्याला आली. जन्माने दिलेली पायरी बहुतेकांनी सोडली नाही. परंतु त्या पायरीवर उभे राहून कोण सुखी होईल आणि कोण उद्ध्वस्त होईल, हे सातव्या वर्षी कोणालाच सांगता आले नाही.

ॲप्टेड यांचे नाव अन्यत्र मोठे होते. ‘कोल मायनर्स डॉटर’, ‘गोरिलाज इन द मिस्ट’, आणि जेम्स बाँडच्या मालिकेतील १९९९ सालचा चित्रपट ही त्यांची हॉलिवूडमधील कामगिरी. अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. परंतु दर सात वर्षांनी ते सर्व बाजूला ठेवून पूर्व लंडनच्या एखाद्या बैठकीत किंवा स्कॉटलंडच्या माळावर ते येऊन बसत, आणि त्यांच्यासमवेत छायालेखक जॉर्ज जेसी टर्नर, संकलक किम हॉर्टन व निर्मात्या क्लेअर लुईस ही मंडळी दशकानुदशके येत, ही निष्ठाही या कृतीच्या गुणांत धरली पाहिजे. त्यांच्या उदाहरणाने सोव्हिएत संघराज्यासह अनेक देशांत अशाच मालिका निघाल्या. परंतु मूळ मालिकेचा विस्तार त्यांतील कोणालाही गाठता आला नाही.

वाचकांना विनंती एवढीच आहे की हे पाच भाग पाहण्यापूर्वी पॉल आमंड यांचा सुमारे चाळीस मिनिटांचा पहिला भाग अवश्य पाहावा, क्रम मोडू नये, आणि पाचही भाग एका दमात संपविण्याचा हव्यास धरू नये. प्रत्येक भागानंतर कोणाचे पुढे काय होईल, याविषयी आपला अंदाज कागदावर लिहून ठेवावा आणि पुढच्या भागाशी तो ताडून पाहावा. त्यांतील किती अंदाज चुकले हे मोजले म्हणजे, ज्याने आपले चुकलेले अंदाज पंचावन्न वर्षे जगासमोर उघडे ठेवले, त्या दिग्दर्शकाची योग्यता कोणत्याही समीक्षकाच्या मध्यस्थीवाचून आपणास समजेल.